टोमॅटोंवरचं आकाश

"मला मॅनेजरकाकांचा संशय आहे," फौजदार म्हणाली.

"काल तुला मांजराचा होता," भोपळ्या म्हणाला.

"मग दूध कोणी प्यायलं होतं?"

"मांजरानेच," भोपळ्याने कबूल केलं. त्याच्या या चुलतबहिणीला घरात 'फौजदार' हे नाव उगाच पडलं नव्हतं.

सुट्टीत दोघं आत्याकडे, तिच्या वेधशाळेत आली होती. आत्याने मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात एक नवा लघुग्रह शोधला होता. पण मोजक्या रात्री दिसून तो सूर्याच्या उजेडात गडप झाला. एवढ्याशा वाटेवरून त्याची कक्षा पक्की होईना. पूर्वीच्या एखाद्या फोटोत तो नकळत आला असेल तर ठीक. नाहीतर कायमचा हरवणार! जुने फोटो काचेवर काढलेले. आत्याने कोठीतली पेटी उघडली, तर आत नुसता पेंढा!

"उंदीर!" वेधशाळेचे मॅनेजरकाका म्हणाले.

"उंदीर काच खातात?" फौजदारने विचारलं.

काकांना लगेच फोन आला. वाजला मात्र नाही.

अंगणात काकांचं टोमॅटोंचं नवंकोरं काचघर होतं. त्यावर आज भर उन्हात गोणपाट! ऊन नको, तर काचघर बांधलं कशाला?

"काका, टोमॅटोंसोबत तुमचा फोटो काढू? वेधशाळेच्या भिंतीवर लावायला?" फौजदारने विचारलं.

"भिंतीवर?" काकांनी होते तेवढे केस सारखे केले आणि आपल्या हातांनी गोणपाट ओढलं!

काचांवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके!

"आत्याऽऽ! लवकर ये!"

"टाकाऊ काचा हो त्या," काका घाम पुसू लागले. "मळलेल्या. उद्या घासून लख्ख करणार होतो."

आत्या धावत आली. "मळ नाही, आपल्या फोटोंतले तारे आहेत ते! निगेटिव्हवर काळे दिसतात. दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरते, म्हणून त्यांचे ठिपके उमटतात. लघुग्रह मधेच सरकतो, त्याची रेघ होते. शोधा रे!"

भिंगं घेऊन दोघं काचांना भिडली.

"रेघ!" भोपळ्या ओरडला.

"काकांचा केस असेल," फौजदारचा संशय. तिने जोरात फुंकर मारली. रेघ जागची हलली नाही!

काचेच्या कडेला तारीख कोरलेली होती. आत्याने मोजलं, गणित मांडलं, पुन्हा मांडलं. रेघ तिच्या लघुग्रहाच्या वाटेवर चपखल बसली. कक्षा पक्की! आता तो कुठे उगवेल, ते आधीच सांगता येणार होतं.

वेधशाळेच्या संचालकांनी दोघांची पाठ थोपटली. "शाब्बास! आम्ही जन्मभर वर बघत बसलो. जरा अंगणात बघायला हवं होतं!"

"तरी मी म्हणत होतो," काका पुढे सरसावले, "काचा मीच जपून ठेवल्यात."

"हो ना," आत्याने त्यांच्या हातात कापसाचं बोचकं दिलं. "आता तशाच जपून उतरवा."

फौजदार काकांवर नजर ठेवायला काचघरासमोर खुर्ची टाकून बसली. संशय नव्हता. खात्री होती.