लोहाराचं उत्तर

चुकीचं दार उघडलं म्हणून आमची भेट झाली. रेडिओ केंद्रातला माझा पहिलाच दिवस. आत एक तरुण मोठ्या परातीत सुके वाटाणे हळूहळू फिरवत होता.

"निवडायचे राहिलेत का हो?" मी विचारलं.

"श्... नदी आहे."

मी डोळे मिटले... आणि खरंच, पायाशी पाणी आलं!

नाटकांसाठी आवाज तयार करणं हे त्याचं काम. बोलणं कमी, खुडबुड फार, म्हणून सगळे त्याला खुडबुड्या म्हणत.

आमच्या मास्तरांनी तेव्हा आफ्रिकेतल्या जुन्या राज्यांवरून आणि दैवतकथांवरून एक अद्भुत मालिका लिहिली होती. बसवायचेही तेच. सोन्याच्या व्यापारावर उभं राहिलेलं राज्य, पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ असणारे गायक, नदीतली देवी. मी राणी. आणि एक लोहार, ज्याच्या भट्टीत पूर्वजांचे आत्मे वसायचे. त्याचं मौनव्रत होतं. तो ऐरणीवरच बोलायचा. एक घाव म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ते घाव घालायचा खुडबुड्या.

दर गुरुवारी संध्याकाळी थेट प्रसारण. त्या वेळी रस्ते ओस पडत. हल्ली कोण इतकं मन लावून ऐकतं? "लोहारा, माझी आठवण येते?" असं विचारताना मी हातातल्या कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघायची. तो कानापर्यंत लाल व्हायचा, आणि... ठण्!

"राणीसाहेब, असं बघू नका. हातोडा बोटावर पडेल," एकदा तो म्हणाला.

"पडू दे की! निदान 'आई गं' तरी ऐकू येईल."

शेवटचा भाग आला. सोमवारी तो बदलून दूरच्या केंद्रावर जाणार होता, आणि मनातलं अवाक्षर काढत नव्हता. आपण होऊन विचारायचं नाही, म्हणून मीही हटून बसले होते. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

राणी नदीपार निघते. मी विचारलं, "लोहारा, येतोस माझ्याबरोबर?"

इथे दोन घाव हवे होते. भट्टी विझली तर राज्य बुडेल, म्हणून लोहार मागे राहतो.

ठण्!

मी थांबले. काचेपलीकडे मास्तर दोन बोटं नाचवत होते. त्याने मात्र हातोडा खाली ठेवला... आणि पहिल्यांदाच नजर चुकवली नाही.

अख्खं राज्य माझ्या जिभेवर येऊन बसलं.

"मग — मग भट्टीतला विस्तवही बरोबर घे," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर मास्तर कडाडले, "वर्षभर रचलेला शेवट एका घावात मोडलात!"

ते पाय आपटत गेल्यावर मी हळूच विचारलं, "हात चुकला वाटतं?"

"नाही... म्हणजे... हात नाही चुकला."

"आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका. बोला."

"याल? सोमवारी नाही हो... रीतसर. घरी विचारून."

"विचारणार कोण? तुम्ही?"

रस्ताभर तो एकच वाक्य पुटपुटत होता. दार बाबांनी उघडलं. आत रेडिओ चालूच होता. यांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय."

बाबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मघाचा लोहार तुम्हीच काय? बरं... राणीसाहेबांचं काय म्हणणं?"

वर्षभर पानंच्या पानं संवाद म्हणणारी मी! नुसती एकदाच मान डोलावली, तीही खाली बघत.