चौसष्ट घरांचा कागद

माझी सून हल्ली विसरते. आणि विसरते ती ठरवून विसरते, हीच माझी तक्रार आहे.

सुरतेत बमरोलीला आमचं खातं आहे, भरतकामाचा कारखाना. खाली एम्ब्रॉयडरीची चार मशिनं, वर आम्ही, आमच्या डोक्यावर भाडेकरू. साडीवरच्या एका वेलीला चाळीस हजार टाके पडतात. त्यातला एखादा सुटला तर कारागिराला दिसत नाही, पार्टीला दिसत नाही, मला चष्मा लावूनही दिसत नाही. योगिताला मात्र जिना उतरता उतरता दिसतो. अशी बाई दर रविवारी कपाळाला हात लावते आणि म्हणते, "अगं बाई... हे तर सांगायचं राहिलंच!"

समोर तो अजिंक्य बसलेला असतो. त्याला वाईट वाटायला पाहिजे की नाही? तो खूश होतो. पेन्सिलीला टोक काढत म्हणतो, "काही हरकत नाही, पुढच्या रविवारी बघू."

असे सात रविवार झाले. एक डबा आणायचा आहे कॉम्प्युटरचा. सात आठवड्यांत माझ्या मालकांनी हे घर स्लॅबपर्यंत आणलं होतं.

पहिल्यापासून सांगते.

प्रवीण माझा मुलगा. योगिताचा नवरा. चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि गेला. डिझाइनं तो बनवायचा, एका जुन्या कॉम्प्युटरवर. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि पेनड्राइव्हसारखी एक चावी खोचल्याशिवाय उघडतही नाही. तो गेल्यावर लोक मला म्हणाले, मावशी, मशिनं विकून टाका. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही पोरगी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. शिकवणारं कोणी नाही. चुकायची, उसवायची, पुन्हा करायची. सहा महिन्यांत रिंग रोडचे व्यापारी "योगिताबेनचीच वेल पाहिजे" म्हणायला लागले. मी तिला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. दिली की माणूस ढिलं पडतं.

तो कॉम्प्युटर तिने चार वर्षं बंद केला नव्हता. बंद केला आणि परत लागलाच नाही तर? ही भीती. दसऱ्याला मशिनांना कुंकू लावते तसं मी त्यालाही लावायची. यंदा आषाढात तो आपोआप बंद पडायला लागला. मग आम्ही त्याला उधन्याला कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेलो. योगिताने ॲक्टिव्हा चालवली, मी मागे, आणि मांडीवर तो डबा, ओढणीत गुंडाळलेला. सिग्नलला एक बाई वाकून बघायला लागली, बाळ आहे की काय म्हणून.

दुकानदाराने ओढणी सोडली आणि हसला. "बेन, आ तो भंगार छे. नवुं लई लो."

योगिता म्हणाली, "भंगार आहे की नाही ते मी विचारलं नाही. चालेल का, ते विचारलं."

बाजूला एक उंच, बारीक मुलगा वायरींचं भेंडोळं घेऊन उभा होता. शर्ट इस्त्रीचा, चप्पल मात्र झिजलेली. तो मराठीत हळूच म्हणाला, "भंगार नाहीये ते... थकलंय."

योगिताने मान वर केली. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. सचिन गावच्या एका मिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो."

"मग इथे काय करताय?"

"वायर घ्यायला आलो होतो." त्याने हातातल्या भेंडोळ्याकडे पाहिलं. "कुठली ते... आता विसरलो."

तोच हा अजिंक्य. विसरायचा रोग आमच्या घरात शिरला तो तिथून.

घरी येऊन बघतो म्हणाला. पहिल्या रविवारी तो आला आणि त्याने सांगितलं की एकच दणकट कॉम्प्युटर घ्यायचा, सर्व्हर म्हणतात त्याला, आणि त्याच्या पोटात पाच-सहा कॉम्प्युटर बसवायचे. डिझाइनांचा एक, कॅमेऱ्यांचा एक, बिलांचा एक. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "पोटात? म्हणजे कसे? लहान लहान?"

"नाही काकू. ते खरे नसतातच. व्हर्च्युअल मशीन म्हणतात."

"खरे नाहीत, तर पैसे कशाचे घेतात?"

योगिता पदरात तोंड लपवून हसली. तो मात्र गांगरला नाही. जरा विचार करून म्हणाला, "तुमचं हे घर बघा. प्लॉट एक, लाइटचं मीटर एक, पाण्याची टाकी एक. पण खाली खातं, मध्ये तुम्ही, वर भाडेकरू. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं. वरचा रागावून दार लावून बसला, तर तुमची चूल बंद पडते का?"

"आमचा वरचा भटू महिन्यातून दोनदा दार लावून बसतो," मी म्हटलं. "मला पत्ताही लागत नाही."

"तसंच. एक मशीन पडलं तरी बाकीची चालू. फक्त इथल्या भिंती मनातल्या असतात. पण पक्क्या असतात."

तिसरी शिकलेल्या बाईला एवढं नीट समजावून सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बाकीचे एक तर मोठ्याने बोलतात, नाही तर योगिताकडे बघून बोलतात. मी त्याला भाकरी वाढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची. अडाजणचा, बँकवाल्यांचा मुलगा, लसणाच्या चटणीने डोळ्यांतून पाणी आलं, पण पान पुसून उठला.

योगिताने डिझाइनचा चौकटीचा कागद आणून दिला. त्यावर त्याने आठ-आठांची चौसष्ट घरं आखली. नव्या मशीनची ताकद चौसष्ट, म्हणे, आणि ती सगळ्यांत वाटायची. ज्याच्या वाट्याला जितकी, तितकी घरं रंगवायची. डिझाइनांना सोळा. बिलांना आठ. खुद्द घरमालकाला, म्हणजे त्या मशीनला स्वतःला, आठ. हिरवा, पिवळा, तांबडा... योगिताच्या धाग्यांच्या रंगांचे खडू.

दुसऱ्या रविवारी तिला कॅमेरे आठवले. आठ घरं निळी झाली. तिसऱ्या रविवारी आठवलं, की आमच्याकडे लाइट जाते. मग बॅटरी किती मिनिटांची घ्यायची, यावर दोघांनी तीन तास घालवले. चौथ्या रविवारी धाग्याची रुई. खाली सगळीकडे रुई उडते, पंख्यात जाऊन बसेल, तर मशीन ठेवायचं कुठे? देव्हाऱ्याशेजारी की जिन्याखाली? दोघं जिन्याखाली वाकून बघत होती. जागा दोन फूट आणि माणसं दोन. बाहेर आली तेव्हा दोघांचेही कान लाल.

"उकडतं हो तिथे," तो म्हणाला.

"मग मशीनला नाही चालणार," योगिता म्हणाली.

"नाही... नाही चालणार."

मी मोजत होते. सुरतेत परक्या बाईला बेन म्हणतात. पहिले तीन रविवार "योगिताबेन, हे बघा", "योगिताबेन, ते लिहा" चालू होतं. चौथ्या रविवारी, जिन्याखालून बाहेर आल्यावर, बेन गळून पडली. परत काही उचलली गेली नाही.

दुसरी गोष्ट जरीची. खात्यात कोणीही आलं की कपड्याला जरीचा धागा चिकटतो. त्याच्या कॉलरला दर रविवारी चिकटायचा. चाळीस हजारांत एक टाका ओळखणारी माझी सून तो बघायची आणि काढायची नाही. तोही तसाच घरी जायचा. पाचव्या रविवारी त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला, तर मागच्या काचेसारख्या कव्हराच्या आत चार धागे. सोनेरी, एकाखाली एक, सरळ लावलेले. योगिताने ते पाहिले, आणि चहात साखर घालायची खरोखर विसरली. तेवढंच एक विसरणं खरं होतं.

खरं सांगते, सहाव्या रविवारची भर मी घातली. योगिताची आठवण संपली होती, पोर केविलवाणी होऊन कागदाकडे बघत होती. मीच म्हटलं, "आणि माझी भजनं? अहिराणी गाणी? मला काही घर आहे की नाही त्यात?" त्याने हसत माझ्यासाठी चार घरं जांभळी केली. मला त्याला आणखी एक रविवार पारखायचं होतं. माणूस हुशार आहे, नम्र आहे, खातो व्यवस्थित. पण या घरात ज्याची खुर्ची रिकामी आहे, त्याच्याकडे तो कसा बघतो, ते मला कळलं नव्हतं.

ते सातव्या रविवारी कळलं. म्हणजे आज.

दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. योगिताला म्हणाला, "मागच्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरची पूर्ण नक्कल घेतली होती ना, ती घरी लावून बघितली. बसा जरा." मग माझ्याकडे वळला, "काकू, तुम्हीही या."

पडदा उजळला आणि माझे हात भाजीसकट थांबले. तो प्रवीणचा पडदा होता. तेच चित्र मागे, पहिलं मशीन आलं त्या दिवशीचं, मी ताट घेऊन उभी, कपाळावर आठ्या. त्याच जागी त्याच फायली. प्रवीण डिझाइनांना माणसांची नावं द्यायचा, हे मला माहीतच नव्हतं. योगिता वाचून दाखवत होती. "आई शांत." साधी बुट्टी. "आई रागात." सगळा काट्यांचा वेल, ही एवढी मोठी पानं. मला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही.

"ते सॉफ्टवेअर?" योगिताने विचारलं. आवाज तिचा नव्हता.

"चालतं. चावी नव्या मशीनला खोचायची, ती या नकलेच्या खोलीला मिळते. जुना डबा आता विश्रांती घेऊ शकतो." त्याने चौकटीचा कागद उलगडला. वरच्या कोपऱ्यातली पहिली चार घरं आधी कोरी सोडलेली होती, आता केशरी होती. त्यांच्यावर काहीतरी लिहिलेलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. प्र... वी... ण... भाई.

"ही पहिली खोली," अजिंक्य म्हणाला. "ही कधी काढायची नाही. पुढे हे मशीनही जुनं होईल, तेव्हा ही आहे तशी उचलायची आणि त्याच्या पुढच्यात ठेवायची. घर कितीही बदललं तरी ही खोली राहते, योगिता. मी ठेवीन."

मी भाजी घेऊन आत गेले. पण आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, आणि माझे कान चांगले आहेत.

कागद सरकल्याचा आवाज आला. मग योगिता म्हणाली, "सोळा घरं उरली."

"हो."

"कोणासाठी ठेवलीत?"

"मागणारा भाडेकरू लाजतोय."

"भाडेकरूला सांगा, आमच्याकडे वशिला लागत नाही... विचारावं लागतं."

"मग विचारतो." खुर्ची सरकली. "घरी मुली बघतायत माझ्यासाठी. मी दसऱ्यापर्यंत थांबा म्हटलंय. आई म्हणाली, कोणी आहे का? मी म्हटलं, आहे. पण तिला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नाही. योगिता... माहीत आहे ना?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, पोरी.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या धाग्यापासून." मग थांबली. आणि मग तिचा तो नेहमीचा आवाज, उसना, घाईघाईचा, "पण... अगं बाई, ते तर राहिलंच! मागच्या खोलीतला प्रिंटर. तो जोडायचा की नाही... पुढच्या रविवारी बघू या का?"

मला कळलं. कसलाच प्रिंटर नाही आमच्या मागच्या खोलीत. तिथे माझी खाट आहे. यादी संपली, की तिला मला सोडून जावं लागेल, म्हणून ती दर रविवारी नवीन ओळ लिहीत होती. तिला त्याला पाठवताही येईना आणि त्याच्याबरोबर जाताही येईना. मी म्हातारी, रागीट, काट्यांचा वेल, माझ्यापायी ही पोर आपला आनंद पेन्सिलीने लांबवत होती. चार वर्षं तिने माझं खातं चालवलं, आणि आता मला न दुखवता कसं जगावं याचा नकाशा काढत बसली होती चौसष्ट घरांत.

आणि मी? खरं सांगायचं तर मीही सहाव्या रविवारची भर त्याला पारखायलाच घातली होती असं नाही. ती गेली तर जेवताना समोर कोण, हा विचार माझ्याही ताटात होताच.

मी पदराला हात पुसले आणि बाहेर आले. अजिंक्य उठून उभा राहिला. चेहरा पडलेला, कॉलरला सातवा धागा. कागद टेबलावर. मी डब्यातून लाल खडू काढला आणि योगिताच्या हातात दिला.

"योगिता, तू सगळ्या कामात हुशार आहेस, पण खोटं बोलणं तुला जमत नाही, ते सोडून दे," मी म्हटलं. "मागच्या खोलीत प्रिंटर नाही, मी आहे, आणि मला कोणाला जोडावं लागत नाही. यादी संपली. त्या सोळा घरांत याचं नाव लिही. दसऱ्याच्या आत तुमच्या लग्नाचा पाट लागेल, माझ्या दारात लागेल, याची आई येऊन माझ्या हातचं जेवेल. आणि अडाजणहून बमरोली अर्धा तास आहे ॲक्टिव्हावर. सोमवारी नऊला खात्यावर दिसली नाहीस, तर तो काट्यांचा वेल तुझ्याच शालूवर पंच करून भरायला लावीन."