वेल्ड केलेला वारा

कारखाना पास झाला आणि मी नोकरीत कायम झालो. हे मी लिहिलेलं नाही, तुम्ही वाचलेलं नाही, असं समजा. आपण तपासणीच्या सकाळपासून सुरू करू.

साल १९९४, डोंबिवली एमआयडीसी. रंगाची रसायनं बनवणारा कारखाना. वागळे इस्टेटमधल्या आमच्या सुरक्षा सल्लागार कंपनीने मला पाठवलेलं. सरकारी साहेबांनी दाखला दिला तर मी कायम, नाहीतर घरी.

वातावरण लग्नघराचं. गेटवर रांगोळी, भोंग्यापुढे नारळ. मॅनेजर गुणाजीरावांनी क्लोरीनच्या सिलिंडरलाही हळदकुंकू वाहिलेलं.

फक्त छपरावरचा मोजा लोंबत होता. मोजा म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी. गॅस सुटला तर शेपटीकडे जाणार, माणसांनी तोंडाकडे पळायचं. पण वाराच नव्हता.

"साहेबांना मेलेला मोजा दाखवायचा काय?" गुणाजीराव म्हणाले.

फिटर गोविंदाने आत तारेचा सांगाडा घातला आणि शेपटी मागच्या भिंतीकडे करून दांड्याला वेल्डिंग मारलं. मोजा झकास फुगला. मी फोटो काढला.

चहा पिऊन वर बघतो तर शेपटी कॅन्टीनकडे.

"गोविंदा, कच्चं मारलंस."

"ओ सर, हत्ती बांधा त्याला. हलला तर सांगा."

तो वर चढून दोन्ही हातांनी लोंबकळला. मोजा हलला नाही. वेल्ड शाबूत होतं.

कॅन्टीनच्या शालनताई हात पुसत बाहेर आल्या. "मेल्याला भज्यांचा वास लागला वाटतं."

गोविंदाने कापून पुन्हा भिंतीकडे वेल्ड केलं. तो शिडी उतरेपर्यंत शेपटी परत कॅन्टीनवर.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

माझ्या मंजूर आराखड्यात सरावाचा भोंगा वाजला की सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये जमायचं होतं. जागा बदलली तर नापास. आणि बदलायला कारण काय, तर आम्हीच तार घालून फुगवलेला मोजा.

गेट मोज्याच्या तोंडाकडे होतं. "ताई, चहा गेटवर आणा," मी म्हणालो.

"अरे, कांदा चिरलाय माझा."

"कांदापण आणा."

भोंगा वाजला. माणसं शिकवल्याप्रमाणे कॅन्टीनकडे निघाली. मी उलटा पळालो.

"मोजा बघा रे, गेटकडे चला."

गुणाजीरावांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन काढलं.

मग हळदकुंकवाचा सिलिंडर फुसफुसला.

हिरवट पिवळा धूर, वारा नसताना, रेघ आखल्यासारखा कॅन्टीनच्या दारातून आत गेला. दुसरीकडे कुठेही नाही.

आत कुणी नव्हतं.

गोविंदाने मास्क चढवून व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांनी "सराव अत्यंत वास्तववादी" असा शेरा मारून दाखला दिला. गुणाजीराव चक्क नाचले.

शालनताई नाचल्या नाहीत.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "आता तो तुमच्याकडे बघतोय."

मी डावीकडे सरकलो.

शेपटीही सरकली.

सकाळचा फोटो काल धुऊन आला. सोबत जोडला आहे. काढला तेव्हा शेपटी भिंतीकडे होती. आता मोज्याची लांबी दिसत नाही, समोरून शेपटीचं गोल भोक तेवढं दिसतं.

सबब, कायम कर्मचारी या नात्याने, माझी बदली जिथे एकही दिशा नाही अशा ठिकाणी तात्काळ करण्यात यावी, ही नम्र विनंती.