साठ सेंटिमीटर

नवा नकाशा काढायच्या आधी मी आठवडाभर नुसता चालतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट फार उशिरा कळते. आपण कागदावर वाट आखतो आणि लोक तिच्या शेजारून जातात. म्हणून आधी गवत कुठं मेलंय ते बघायचं. जिथं गवत मेलं तिथं माणसं जातात. तिथंच फरशी घालायची. बाकीचं शहाणपण नंतर.

शहराच्या क्रीडा उद्यानाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी निवृत्ती सात महिन्यांवर होती. फुटबॉलची दोन मैदानं, टेनिसची चार कोर्टं, एक गळका पोहण्याचा तलाव, आणि अगदी मागं, पत्र्याच्या कुंपणाआड, अकरा वर्षं बंद असलेला मातीचा ट्रॅक. विस्तारात तो उखडून तिथं बंदिस्त क्रीडागृह बांधायचं ठरलं होतं. खोदाई एकोणतीस तारखेला. मला जमिनीच्या तक्त्यात ‘सध्याचा वापर’ या रकान्यात ‘काही नाही’ एवढं लिहून सही करायची होती.

तो ट्रॅक मीच आखला होता. चौतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

उद्यानाच्या म्हाताऱ्या माळ्यानं फाटकाचं कुलूप काढलं. गंजलेली किल्ली फिरवताना त्याचं तोंडही चालू होतं.

“अकरा वर्षांत तुम्ही तिसरे साहेब. आधीचे दोघं फाटकातूनच फोटो काढून गेले. बुटांना कुसळं लागतात ना.”

“लागू देत.”

“तुमच्या बुटांना लागली तरी कळायची नाहीत म्हणा,” असं म्हणून तो बाजूला झाला.

आत गवत कमरेएवढं वाढलं होतं. पत्र्यांमुळे वारा अडत होता आणि बाहेरच्या मुलांचा गलका दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. उभ्या विटांची आतली कड अजून शाबूत होती. त्या कडेला धरून, सबंध ट्रॅकभर, गवतातून एक उघडा पट्टा गेला होता. दीड वीत रुंद. माती दाबून गुळगुळीत झालेली.

“हा पट्टा तुम्ही कापता?”

“मी? कापायचं असतं तर सगळंच नसतं का कापलं? तिथं उगवतच नाही.”

“कुणी येतं आत?”

“साप येतो. पण तो इतक्या शिस्तीनं जात नाही.”

मी खिशातली टेप काढली. सवयीनं, दुसरं काही नाही. विटांच्या कडेपासून पट्ट्याच्या मध्यापर्यंत साठ सेंटिमीटर. वीस पावलं पुढं गेलो. साठ. वळणावर साठ. समोरच्या सरळ भागात साठ. बारा ठिकाणी मोजलं. मग टेप गुंडाळताना माझे हात मला परके वाटायला लागले.

हे जरा उलगडून सांगायला हवं. धावणारा आतल्या कडेला घासून पळत नाही. तीस सेंटिमीटर सोडून पळतो असं धरतात, आणि त्या रेषेवर चारशे मीटर भरावे लागतात. मला मिळालेल्या नकाशात त्रिज्या कडेची होती. मी ती पळण्याच्या रेषेची समजलो आणि कड आणखी तीस सेंटिमीटर आत घेतली. एकदा वजा केलेलं पुन्हा वजा केलं. ट्रॅक जवळपास दोन मीटर आखूड झाला. त्यावर खरे चारशे मीटर धावायचे, तर कडेपासून साठ सेंटिमीटरवरून धावायला हवं. ट्रॅक आखूड आहे हे पुढं सगळ्यांना कळलं. साठ हा आकडा मात्र मी कुणालाही सांगितला नव्हता.

आणि सगळ्यांना कळलं ते माझ्या बहिणीमुळे. माझी धाकटी. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती चालत अशी कधी नव्हतीच. एकवीस वर्षांची असताना याच ट्रॅकवर ती चारशे मीटर धावली आणि तिनं अशी वेळ दिली की तिची राज्याच्या संघात निवड पक्की झाली. आठवड्यानं वरचे अधिकारी येऊन ट्रॅक मोजून गेले. वेळ रद्द झाली. निवड रद्द झाली. तिनं बूट पिशवीत भरले ते पुन्हा काढले नाहीत. मी तिला सांगितलं, कंत्राटदारानं घोळ घातला.

ते खोटं होतं. शर्यतीच्या चार दिवस आधी मी ट्रॅक पुन्हा मोजला होता. मला चूक दिसली होती, आणि नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो होतो. बोललेलं पाप माणूस कधी ना कधी फेडतो. गिळलेलं पाप त्याच्याबरोबर जेवायला बसतं. मी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. बहीण दुसऱ्या शहरात संसाराला लागली. रविवारी फोन व्हायचा: तब्येत, हवा, ठेवू का. आता दोन वर्षं ती अंथरुणावर होती आणि डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले होते. प्रत्येक रविवारी मी सांगायचं ठरवायचो, आणि प्रत्येक रविवारी हवा कशी आहे ते सांगायचो.

दुसऱ्या दिवशी माळ्याकडून किल्ली घेऊन मी एकटाच आत गेलो. पंचांसाठी बांधलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून आराखड्याची टिपणं काढायला लागलो. लख्ख ऊन होतं. चार वाजायला आले असतील. समोरच्या वळणावरून ठेका आला. पायांचा. एकसारखा, कुठंही न चुकणारा. त्याच्यामागं श्वास. गवताची पाती एकापाठोपाठ एक बाजूला होत होती, जशी कुणाच्या पोटऱ्यांना लागून व्हावीत. ठेका सरळ भागात शिरला, माझ्यासमोरून गेला, आणि शेवटच्या रेषेवर थांबला.

पत्र्यापलीकडे टेनिसचा चेंडू वाजत होता. कुणीतरी हसलं.

मी घरी गेलो, भात टाकला, आणि खायचं विसरलो.

सकाळी माळ्याला म्हटलं, पट्टा खुरप्यानं हलका उकरा, दाताळं फिरवा, पाणी मारा. त्यानं का म्हणून विचारलं नाही. कुलूप त्यानंच लावलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं आत गेलो. मातीवर अनवाणी पावलं होती. लहान, बाईमाणसाची, टाच जेमतेम टेकलेली. रेषेपासून निघून सबंध फेरा मारून पुन्हा त्याच रेषेपर्यंत. फेरा संपल्यावर पुढं एकही नाही.

माळी बराच वेळ ओणवा होऊन बघत राहिला. “भूत असतं तर पाय उलटे असते, साहेब,” तो म्हणाला. “हे तर सुलटे आहेत.” मग त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. “तुमच्याकडेच असू दे. मला बाहेर गुलाबांचं बरंच काम पडलंय.”

मी तिथूनच फोन लावला. भाचीनं घेतला.

“मामा? आज रविवार नाही.”

“माहीत आहे गं. दे तिला.”

“बोलताना दम लागतो तिला. थोडंच बोला.”

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग तिचा श्वास. मग, “दादा.”

“भिंगरे, मला माहीत होतं. शर्यतीच्या आधी चार दिवस. मी पुन्हा मोजलं होतं आणि गप्प बसलो.”



“मलाही माहीत होतं,” ती म्हणाली.

“तुला कसं?”

“माझी पावलं मोजलेली असायची रे. तुझ्या ट्रॅकवर दर फेऱ्याला एक पाऊल उरायचं. तुझी नवी नोकरी. मी कशाला तोंड उघडू?”

पायऱ्यांवर बसायला जागा होती, पण मी मातीतच बसलो.

“मग पळणं सोडलंस ते माझ्यामुळेच ना?”

“तुझ्यामुळे?” ती हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. “चौतीस वर्षं हे उराशी धरून बसलास? वेडा तो वेडाच राहिलास. दादा, त्या दिवशी मी पहिली नव्हतेच आले.”

“फीत तुझ्या छातीला होती. मी बघितली.”

“माझ्याच लेनमध्ये, उजव्या खांद्यापुढे एक होती. कडेपासून थोडी लांबून धावत होती. मी जीव तोडला, पण ती गाठता आली नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होतात. कुणाला सांगणार? पुन्हा ट्रॅकवर जायची छातीच झाली नाही.”

मी तिला पट्ट्याचं काही सांगितलं नव्हतं. पावलांचंही नाही.

“अजून आहे का रे ती?” तिनं विचारलं. कुणी शेजारीण अजून त्याच घरात राहते का, असं विचारावं तसं.

“ट्रॅक उखडणार आहेत,” मी म्हणालो. “एकोणतीसला.”

“बरं,” ती म्हणाली. “मग त्याआधी बघते.”

मी तक्त्यात ‘सध्याचा वापर’ याखाली ‘धावण्यासाठी’ असं लिहून पाठवलं. कार्यालयातून निरोप आला: नजरचूक दिसते, दुरुस्त केली आहे.

अठ्ठावीसला सकाळपासून मी एकट्यानंच पहिल्या लेनमधलं गवत काढलं, कडेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत दाताळं फिरवलं, पाणी मारलं. कंबर मोडली. मग येऊन रेषेच्या जरा पलीकडे, लेनच्या बाहेरच्या टोकाला, वाट सोडून उभा राहिलो. बाहेर खोदाईची यंत्रं येऊन उभी होती. त्यांच्या सावल्या पत्र्यावरून आत आल्या होत्या.

चार वाजता ठेका सुरू झाला.

पहिल्या वळणावर तो एकच होता. दुसऱ्या वळणावर दोन झाले.

दुसरा मी ओळखला. आमच्या घराच्या गच्चीवर तो मी वर्षानुवर्षं ऐकला होता. डावा पाय उचलताना अंगठा किंचित घासायचा.

मी डोळे मिटले. दोन श्वास जवळ आले, एकमेकांत गुंतले, आणि माझ्यासमोर थांबले.

खिशातला फोन वाजू लागला. भाचीचा होता. घेतो, म्हटलं, आधी एवढं बघतो.

मागं वळणापर्यंत चालत गेलो. बाहेरची पावलं साठ सेंटिमीटरवर होती. आतली तीसवर. डाव्या पायाच्या अंगठ्यामागं मातीवर बारीक ओरखडा. वळणावर काही ठिकाणी पावलं एकमेकांना लागली होती, आणि तिथं आतल्या पावलाची कड बाहेरच्या पावलावर उमटली होती. म्हणजे आतली मागं होती.

सरळ भागात आलो. वाकून, हात न लावता, एकेक ठसा बघत आलो. रेषेच्या अलीकडे तीन पावलांवर ते पुन्हा एकमेकांना लागले होते.

इथं बाहेरचा ठसा वर होता.

ती पुढं गेली होती. माझी भिंगरी.

फोन वाजायचा थांबला. पुन्हा सुरू झाला.

आतली पावलं रेषेवर संपली. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. देवाचं नाव घेतलं. आनंदानं घेतलं की कशानं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मग दिसलं की बाहेरची पावलं संपली नव्हती.

ती रेषा ओलांडून पुढं आली होती. धावत नाही, चालत. टाचा पूर्ण टेकलेल्या. मी आधी जिथं उभा होतो तिथं माझ्या बुटांचे दोन खोल ठसे होते. त्यांच्यासमोर ती थांबली होती. पंजे माझ्या बुटांकडे, मध्ये चार बोटांचं अंतर.

मी डोळे मिटून उभा होतो तेव्हाचे ते ठसे होते.

कितीतरी वर्षांत माझ्यासमोर इतक्या जवळ कुणी उभं राहिलं नव्हतं.