रेघेतलं हसू

“बंद कर ते! या घरात त्याचं काही वाजवायचं नाही, म्हणून किती वेळा सांगितलंय तुला?”

वहिनी असं म्हणाली खरी, पण वाटाणे सोलणारे तिचे हात मध्येच थांबले होते, आणि लेकीने फोन बंद करायला बोट पुढे केलं तसं तिनेच झडप घालून ते मनगट धरलं. ओट्यावर डब्याला टेकवलेल्या त्या फोनमधून एक खोल, घुमणारा आवाज येत होता. तीन सूर एका चालीत, मग चौथा घाईघाईने, अंधारात पायरी चुकून माणूस पुढे कोसळावा तसा... आणि मग एक लांबच लांब शांतता! पुन्हा तीन, पुन्हा तो अडखळलेला चौथा, पुन्हा ती जीवघेणी पोकळी. एका जुन्या वृक्षाच्या देहात वाहणाऱ्या विजेचं हे संगीत आहे, असं निवेदिकेने मघाशी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. वृक्ष? वहिनीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. सत्तावीस वर्षं ती इस्पितळात बसून माणसांच्या काळजाच्या रेघा काढत आली होती. सगळे तिला ईसीजीबाई म्हणत, आणि तिने नुसत्या कागदावर नजर टाकली तरी तरुण डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहत. तिला कोण फसवणार होतं?

“हे झाड नाही गं...” तिचा आवाज चिरकला. “हे तुझे बाबा आहेत!”

लेक भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. “मीच दिल्या, आई. बाबांच्या ईसीजीच्या सगळ्या पट्ट्या मीच काकाला नेऊन दिल्या.”

वहिनी म्हणून हाक मारणारा माणूस तिला जगात एकच होता, आणि तो सात वर्षांत या घराची पायरी चढला नव्हता. तरी आपण तिला वहिनीच म्हणू, कारण त्या एका हाकेपायी तिने काय काय गिळलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

ती लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासूबाई गेल्या, आणि आठ वर्षांचा धाकटा दीर नव्या नवरीच्या ओटीत येऊन पडला. सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत. शाळेत न्यायला ती, तापात उशाशी ती, गणितात नापास झाला तर मास्तरांपुढे मान खाली घालायलाही तीच. नवरा लेथवर काम करणारा, दिवसभर लोखंड कातून कातून हात काळे करून घरी येणारा, आणि बोलायला लागला की समोरच्याला हसवून बेजार करणारा. इस्पितळाने मोडीत काढलेलं एक जुनं ईसीजी यंत्र वहिनीने घरी आणलं, तेव्हा चौदा वर्षांच्या भुंग्याने त्याचे चिमटे खिडकीतल्या कुंडीतल्या झाडाच्या दोन पानांना लावले, मुळाशी तांब्याभर पाणी ओतलं, आणि काय आश्चर्य, थोड्या वेळाने कागदावरची रेघ संथपणे वर चढू लागली!

“वहिनी, बघ, बघ! ते काहीतरी म्हणतंय!”

“ताप आलाय का विचार त्याला,” नवरा जेवता जेवता म्हणाला, “नाहीतर तुझी वहिनी त्यालाही गोळी देईल.”

पण त्या दिवसापासून भुंग्याला दुसरं काही सुचेना. पानं, मुळं, अळंबी, जिवंत माशांची टोपली, जिथे म्हणून जिवंतपणाची इवलीशी वीज असेल तिथे तो तारा लावायचा आणि ती वर-खाली होणारी रेघ सुरांमध्ये उतरवायचा. लोक आधी हसले, मग थांबून ऐकू लागले, आणि तो सव्वीस वर्षांचा झाला तेव्हा समुद्रापलीकडच्या एका मोठ्या सभागृहाने त्याला बोलावणं धाडलं.

आणि नेमकं त्याच वर्षी नवऱ्याचं काळीज ठोके चुकवू लागलं. त्या जुन्या यंत्रावर वहिनी दर रविवारी त्याची पट्टी काढी, कोपऱ्यात तारीख-वेळ लिहून ती कपाटात ठेवी, आणि दर रविवारी तिला दिसत होतं की रेघ ढासळते आहे... डॉक्टरांनी हात टेकले होते. शस्त्रक्रिया सोसण्याइतकंही त्या काळजात बळ उरलं नव्हतं.

“भुंग्याला कळवते,” ती म्हणाली होती.

“नाही.” एवढ्या एका गोष्टीत तो हसला नव्हता. “कळलं तर तो जाणार नाही. आणि मी गेल्यावरही सांगू नकोस, की मीच नको म्हटलं होतं. दादाने आपल्याला फसवलं, हे त्याच्या मनात आयुष्यभर सलत राहील. त्यापेक्षा तुझ्यावर रागावू दे. तुझ्यावरचा राग कधी ना कधी उतरेल गं... माझ्यावरचा उतरवायला मी कुठे असणार आहे?”

ती ढसाढसा रडली, भांडली, आणि शेवटी तिने त्याच्या काळ्या पडलेल्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

भुंगा गेला. अकराव्या दिवशी त्याचा दादा दुपारी जेवणाच्या पानावरच कलंडला. सगळं उरकल्यावर भुंगा परतला, तो थेट त्या कपाटापाशी गेला, त्याने पट्ट्या बाहेर ओढल्या, आणि वरच्या दोन-तीन पाहूनच त्याचे डोळे पेटले. रेघ वाचायला त्याला तिनेच शिकवलं होतं ना!

“तुला माहीत होतं! चार महिने माहीत होतं!”

“हो.”

“मी निघताना विचारलं तुला. दादा बरा आहे ना? तू म्हणालीस, रेघ स्वच्छ आहे!”

“हो, म्हणाले.”

“का? माझं नाव व्हावं म्हणून? चार बायकांत मिरवायला? माझ्या भावाचा शेवटचा श्वास तू माझ्यापासून चोरलास, वहिनी! आई म्हणत होतो मी तुला मनातल्या मनात... आज कळलं, आई अशी नसते.”

तिच्या जिभेवर सत्य आलं होतं. एक वाक्य, फक्त एक! पण त्या काळवंडलेल्या हाताचा स्पर्श अजून तिच्या तळव्यावर ताजा होता. तिने ओठ मिटून घेतले, आणि ज्याला घास भरवून वाढवलं त्याने तेरा वर्षांच्या लेकीच्या देखत दार आपटलं, ते कायमचं. त्यानंतर तिने या घरात त्याच्या सुरांना बंदी केली. लोकांना वाटलं, बाई कठोर आहे. खरं एवढंच होतं, की ते सूर ऐकू आले असते तर ती धावत त्याच्याकडे गेली असती आणि सगळं बोलून मोकळी झाली असती.

“कधीपासून भेटतेस त्याला?” वहिनीने आता लेकीला विचारलं.

“दोन वर्षं झाली. बाबांचं काहीतरी दे म्हणाला. माझ्याकडे दुसरं काय होतं?” लेकीने डोळे पुसले. “आई, त्या पट्ट्या बघितल्यापासून तो नीट जेवत नाही. घरी चल म्हटलं तर म्हणतो, कुठल्या तोंडाने येऊ? म्हणून आज मुद्दाम तुला ऐकवलं. माझं चुकलं असेल तर मार मला, पण बघ ना त्याच्याकडे एकदा!”

वहिनीच्या पर्समध्ये आणखी एक घडी घातलेला कागद होता, ज्याची कुणालाही खबर नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावून, तिने स्वतःच्याच छातीला तारा लावल्या होत्या. जी रेघ उमटली ती दुसऱ्या कुणाची असती, तर तिने तो कागद धावत डॉक्टरांकडे नेला असता. स्वतःचा होता, म्हणून घडी घालून ठेवला.

“चप्पल घाल,” ती उठत म्हणाली. “आत्ता जाऊ.”

भुंग्याची कामाची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची शेड होती. छपराच्या काचेतून दुपारचं ऊन उतरत होतं, ओळीने कुंड्या मांडल्या होत्या, प्रत्येक पानाला केसासारखी बारीक तार, आणि मधोमध, फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लांब पट्टी उलगडून काचांखाली दाबून ठेवलेली. त्या पट्टीशेजारी तो गुडघ्यांवर बसला होता. तेहतीस वर्षांचा, पण कानशिलं पांढरी झालेली, गाल आत गेलेले. चपलांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, आणि तो उठायचंच विसरला.

“वहिनी...”

ती पुढे गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली.

“दादाला झाड म्हणतोस?”

“नाव कुठल्या तोंडाने सांगू गं त्याचं? आधी तुझ्यासमोर सांगायला हवं होतं.” गालावर हात न नेता तो तिचा पदर धरून बसला, लहानपणी ताप आला की बसायचा तसाच. “ही पट्टी बघ. तारीख तुझ्या हातची आहे, अकरा वाजून दहा मिनिटं, रविवार. एरवी तू हातभर काढायचीस. ही नऊ मीटर आहे.”

वहिनीने पाहिलं. हो, तो रविवार! पट्टी चालू असताना फोन वाजला होता, नवऱ्याने चिमट्यांसकट तो उचलला होता, आणि ती सहा मिनिटं यंत्र बंद करायचंच विसरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली होती.

“तो फोन माझा होता,” भुंगा म्हणाला. “मी विमानतळावर रांगेत उभा होतो, तिकीट हातात. दादा, जाऊ ना? तुझा आवाज असा का? तर म्हणाला, अरे ठणठणीत आहे मी, वहिनीने अंगाला तारा लावून माझं झाड केलंय. आणि हसला. बघ, इथे. इथे रेघ कशी विसकटलीय! सूर लावता लावता मला कळेना, ही थरथर कसली. आठ दिवस तेवढाच तुकडा ऐकत होतो. आणि मग एकदम ओळखलं... हसतोय गं तो! सहा मिनिटांत तीनदा हसला होता, तीनदा रेघ विसकटलीय. आणि खाली बघ, हसताना काळीज कसं कोसळत होतं त्याचं! छातीत एवढं होत असताना ठणठणीत म्हणाला, म्हणजे त्याला माहीत होतं. तोच खोटं बोलला माझ्याशी. तू त्याचंच खोटं निभावलंस!”

लेक दाराशीच तोंडात ओढणी कोंबून उभी होती.

“सात वर्षं, वहिनी! मी तुला काय नाही म्हणालो... एक शब्द बोलली असतीस तर?”

“वचन घेतलं होतं रे त्यांनी.”

“आणि तुझं काय? तुझा जीव जीव नव्हता?”

तेव्हा मात्र वहिनीचा बांध फुटला. सात वर्षांत नवऱ्यासाठीही ती अशी मोकळी रडली नव्हती. ती फरशीवरच बसली, भुंग्याचं पांढरं होऊ लागलेलं डोकं तिने छातीशी घट्ट धरलं, आणि दोघं त्या कागदाच्या काठाशी लहान पोरांसारखी रडत राहिली.

थोड्या वेळाने भुंग्याने नाक पुसलं आणि सहजच, माणूस विचारतो तसं विचारलं, “तू बरी आहेस ना?”

“बरी आहे,” हे शब्द तिच्या ओठांवर आले. तयारच असतात ते, घराघरांतून, प्रत्येक बाईच्या ओठांवर! एकदा म्हटलं की झालं. पोरगा चार दिवस सुखाने जेवेल, आपलं जे व्हायचं ते होईल... तिने त्याच्या आत गेलेल्या गालांकडे पाहिलं, दाराशी उभ्या लेकीकडे पाहिलं, आणि पर्स उघडून तो कागद त्याच्या हातात दिला.

“नाही रे बाळा. मी बरी नाही.”

त्याने घडी उलगडली. रेघ वाचायला त्याला डॉक्टर लागत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण या खेपेला तो ओरडला नाही. “कधीची आहे?” एवढंच त्याने विचारलं, आणि मग लेकीला जवळ बोलावून तो कागद तिलाही दाखवला.

पुढचे तीन आठवडे भुंगा वहिनीच्या घरी होता. ठरलेले कार्यक्रम त्याने रद्द केले, कुंड्या शेजाऱ्यांच्या हवाली केल्या. वहिनीला तो ओट्यापाशी फिरकू देत नसे, स्वतः भाजी करी, ती खारट करी, आणि माय-लेकी ती मुकाट्याने खाऊन एकमेकींकडे बघून हसत. रागावण्याचा हक्क परत मिळाल्यासारखा तो तिच्यावर दिवसातून दहा वेळा खेकसायचा, “औषध घेतलंस का?” आणि वहिनीला ते खेकसणं कुठल्याही सुरापेक्षा गोड वाटायचं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की शस्त्रक्रियेला उशीर झाला आहे, तरी करून पाहू. “आधी आला असता तो कागद, तर वेगळं बोललो असतो.” त्या शस्त्रक्रियेने वहिनीला पुढे जेमतेम दीड वर्ष मिळालं, तेही बरंचसं अंथरुणातलं. एका दुपारी, दोघंही उशाशी असताना, ती गेली. पण ज्या सकाळी तिला शस्त्रक्रियेसाठी आत न्यायचं होतं, त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी ती चाकांच्या स्ट्रेचरवर आडवी होती. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या ज्या व्हरांड्यातून तिने यंत्र ढकलत नेलं, त्याच व्हरांड्यात आज तिलाच ढकलत आणलं होतं. लेक तिचे पाय चोळत होती. तेवढ्यात एक नवी नर्स हातात कागद घेऊन आली. ती ईसीजीबाईंना ओळखत नव्हती, या घरातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

“संमतीवर सही कोण करणार?”

“मी करतो,” भुंगा पुढे झाला. त्याने सही केली.

“नातं लिहायचं राहिलं,” नर्स कागद तपासत म्हणाली. “पेशंटचे कोण तुम्ही?”

वहिनीने डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. व्हरांड्यात पलीकडे कुणाच्या तरी चाकांचा आवाज होत होता.

“मुलगा,” भुंगा म्हणाला.