अर्थिंगचं पाणी

लाईट गेलीच हाय, तर मोबाईल खाली ठेव, स्वरूपा. आन शंभूराज, तुला हसायचं असंल तर आत जाऊन झोप. ही गोष्ट माझ्या मेव्हण्याच्या पोराची, इंदापूरच्या दीपकची. त्यानंच मला सांगितली, आन सांगताना वर बघितलं न्हाय.

दीपक वायरमन. लोकांच्या घरात कुठं करंट उतरतोय का ते तपासतो, जुने पंखे काढून कमी वीज खाणारे बसवतो, छतावर सोलर टाकतो. गेल्या साली चैत्रातली अमावास्या रविवारी आली व्हती. त्या दिशी पणदऱ्याच्या मोहनरावांचा फोन आला. "सोलर बसवायचंय, पर आधी समदं घर तपासून घे. आमी बारामतीला हाय, अंधार पडंस्तवर येतो. तू चालू कर."

घर दीपकच्या माहितीतलं. बांधलं तवा तिथलं अर्थिंग त्यानंच केलं व्हतं. खोल खड्डा घ्यायचा, धातूची पट्टी पुरायची, वर कोळसा आन मीठ टाकायचं. म्हंजी बिघडलेला करंट माणसाच्या अंगात न शिरता जमिनीत जातो. माती ओली ऱ्हावी म्हणून वरनं पाणी घालायचं. पर खाली लागला मुरूम, आन दीपकनं कंटाळा केला. हातभर पाईप ठोकला, वर सिमेंटचं तोंड केलं, झालं काम! मोहनरावांच्या आईला, ठमाबाईला, वर तोंड करून सांगितलं, "आजी, रोज हितं तांब्याभर पाणी घाला. घराला कसली भीती न्हाय."

त्यानंतर वरीसभर तो तिकडं फिरकला नव्हता. त्या दिशी पोचला तवा दिवस मावळला व्हता. अंगणात ठमाबाई. वाकून त्या सिमेंटच्या तोंडात पाणी वतत व्हती.

"आलास व्हय, बाळा? बघ, एक दिस चुकवला न्हाय."

दीपकची मान खाली गेली. मला म्हणला, मामा, तवा वाटलं धरणीनं पोटात घ्यावं.

"ऱ्हाऊ द्या आजी, मी घालतो."

"तुझ्या घरी लेकरू हाय न्हवं? तितं कोण घालतं?"

"कोण न्हाय..."

"आसं कसं चालंल रं?" म्हातारी पुटपुटली, आन तांब्या घेऊन घरामागं गेली.

तेवढ्यात मोहनरावांची गाडी आली. दीपक म्हणला, "आजी आत्ताच मागं गेल्या."

"कोण आजी?"

"ठमाआजी..."

मोहनराव म्हणले, "दीपक, आई माघात गेली. मागच्या मोटरीला हात लागला... तितंच चिकटली. म्हणून तर तुला तपासाय बोलावलंय."

दोघं मागं गेले. बॅटरी मारली. मोटर... भिंत... कोण न्हाय.

"खरं सांग," मोहनराव म्हणले. "आपलं अर्थिंग चांगलं हाय न्हवं?"

"चांगलं हाय."

आसं म्हणला, पोरांनो. त्या तोंडानं.

मेलेल्या म्हातारीची भीती न्हाय वाटली त्याला. स्वतःची लाज वाटली. गाडी काढली. इंदापूर येईस्तवर मागं बघितलं न्हाय. घरात बायको आन पोरगी झोपलेल्या. दाराशी आला... पायाला गार लागलं. वाकून बघितलं. त्याच्या स्वतःच्या घरचा अर्थिंगचा खड्डा. दोन उन्हाळं कोरडा पडलेला.

काठोकाठ भरलेला.

बायकोला उठवलं. ती म्हणली, "मी कशाला घालू?"

सकाळी तो पणदऱ्याला गेला. मोहनरावांच्या पायावर डोकं ठेवून समदं कबूल केलं. मोहनरावांनी मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. घरातनं कुदळ आणली आन त्याच्या हातात दिली. दीपकनं दिसभर मुरूम फोडला, पट्टी पुरली. मग पाणी घालाय तांब्या मागितला. मोहनरावांची बायको, मनिषा, म्हणली, "आत्याबाईंचा तांब्या त्या गेल्यापासनं गावतच न्हाय."

दीपक म्हणतो, मामा, म्हातारी रागानं आली असती तर सोसलं असतं.

परवा मी त्याच्याकडं मुक्कामी व्हतो. पहाटं बाहेर आलो. घरात समदी झोपलेली, पोरगी बापाच्या कुशीत. अंगण कोरडं ठणठणीत. खड्डा भरलेला... आन बाजूच्या धुळीत तांब्याच्या बुडाचा एक गोल. ओला.