अनवाणी घेतलेलं माप

मळ्याच्या फाटकाशी उभा असलेला माणूस साहेब असणं शक्यच नाही, हे योगितानं एका नजरेत ठरवून टाकलं. खांद्यावर कडब्याची पेंढी, डोक्याला रुमाल, डावा हात पँटच्या खिशात.

"विजयसिंह साहेब कुठं भेटतील?"

"साहेब तर न्हाईत," तो म्हणाला. "मी चालंल का?"

"तुम्ही कोण?"

"विजयसिंह."

योगिता अशी ओशाळली की हातातली लांबलचक पेटी खाली ठेवायचीही विसरली. तो हसला. हसणं चांगलं होतं, पण फार दिवस न वापरलेलं असावं असं वाटलं... लगेच मिटलं.

योगिता पुण्यातल्या एका गोल्फच्या दुकानात मापं घ्यायची. गोल्फमधली सगळ्यांत लांब काठी, पहिला फटका मारायची, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती कुणाला केवढी लांब हवी, केवढी लवचीक हवी, मूठ किती जाड हवी, हे माणसाच्या अंगावरून आणि फटक्यावरून ठरवायचं. शिंप्यासारखंच काम म्हणा ना! माजलगावहून बोलावणं आलं तेव्हा मालक म्हणाले, "तुझाच जिल्हा आहे, तूच जा." जिल्हा तिचाच होता. घर मात्र असं एका जागी नव्हतं. मेंढ्या ज्या रानात बसतील तिथं तिच्या आईबापाचं बिऱ्हाड. यंदा ते इथून दोन कोसांवर, सिंदफणा नदीच्या काठाला होतं.

ऊस तुटून गेलेल्या रानात तिनं हिरवी चटई अंथरली, बाजूला चेंडूचा वेग मोजणारं यंत्र ठेवलं. साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता. विजयसिंहनं दोन वर्षांनी पुसून काढलेले खेळायचे बूट चटईच्या कडेला नीट जोडीनं ठेवले आणि तो चटईवर आला. तिच्या चपला आधीच तिथं होत्या.

"डावा हात दाखवा."

"उजवा न्हाई का चालणार?"

"एका हातानं खेळता का?"

त्यानं खिशातून हात काढला. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं.

"कडबा कुट्टीचं मशीन," तो म्हणाला. "भिऊ नका... चावत न्हाई."

तिनं तो हात आपल्या तळहातावर घेतला. उरलेली बोटं मोजली, तळवा मोजला. काठीची पकड ज्यांच्या जिवावर असते, नेमकी तीच दोन बोटं गेली होती. हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं.

"आधी राज्याकडून खेळायचो," तो म्हणाला. "दोन वर्षं हात लावला न्हाई. आज एकदाचं कळू द्या. जमत असंल तर खेळतो. न्हाई तर उद्या काठ्यांची बॅग देऊन टाकतो आन् परत नाव काढत न्हाई. पण खरं सांगायचं... माझ्याकडं बघून न्हाई."

"तुमच्याकडं बघितल्याशिवाय माप कसं घेऊ?"

तो पुन्हा हसला. या वेळी जरा जास्त वेळ.

त्यानं तीस चेंडू मारले. तिनं चार काठ्या बदलल्या, मुठीवर चिकटपट्टीचे थर चढवले. पण चेंडू उजवीकडं वाहत जायचा आणि दीडशे यार्डांवर मान टाकायचा. फटक्याच्या वेळी विजयसिंहचं सगळं अंग सरकत होतं. शेवटी यंत्र बंद करून ती म्हणाली, "मी पाचशे माणसांची मापं घेतलीत. या आकड्यांवर तुम्हाला ड्रायव्हर बनवून दिला तर ती फसवणूक होईल."

हात पुसून त्यानं परत खिशात घातला.

दारात त्याची आई, विमलबाई, वाट बघत होत्या. "झालं का रे माप?"

"झालं, आई. मिटलं."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. योगितानं चहा नको म्हटलं. विजयसिंहनं तिची पेटी फाट्यापर्यंत आणून दिली, उजव्या हातानं. रिक्षात बसल्यावर तिचे डोळे भरून आले आणि ते त्यानं बघितले.

दिवस मावळायला ती बिऱ्हाडावर पोचली. तिचे वडील, आप्पाराव, मेंढ्या मोजून वाघरात, जाळीच्या कुंपणात, घालत होते.

"कावून गप हायेस गं?" त्यांनी विचारलं.

"एका माणसाला खरं सांगून आले."

"मंग रडाया काय झालं?"

त्या हाताचं वजन तिच्या तळहातावर अजून होतं. पाचशे माणसांत असं कधी झालं नव्हतं. एका दिवसात माणूस असा आत जाऊन बसतो, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

आई, सारजाबाई, घोंगडी झटकून अंथरत होती. "बस, भाकर खा."

योगितानं सवयीनं चपला काढल्या. एक पाय घोंगडीवर, एक मातीत... आणि ती तशीच थांबली.

"आई! मी त्यांना अनवाणी उभं केलं!"

"मंग?" सारजाबाई म्हणाली. "अंथरल्यावर पायताण घालून कोन चढतंय?"

तेच तर! पुण्यात सगळेच चढतात. पुण्यात चटईपाशी कुणीही बूट काढत नाही, म्हणून पायांकडं बघायचं असतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि इथं तो चटई बघून बूट काढून आला, ती मेंढपाळाची पोर, तिलाही ते बरोबरच वाटलं. खेळायच्या बुटांना तळाशी खिळे असतात, त्यांच्यावरच तर सगळा जोर उभा असतो. ज्याची पकड अर्धी, त्याला पायांचा आधार दुप्पट लागणार. तिनं त्याचा तोच काढून घेतला होता. बुटांची उंची न धरल्यानं मापही इंचानं चुकलं होतं.

तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद.

"चूक ज्येच्या रानात झाली त्येच्या रानात जाऊनच सांगायची असती," आप्पाराव म्हणाले. "फोनवर न्हाई."

सकाळी ती पोचली तेव्हा विजयसिंह बॅग जीपमध्ये ठेवत होता.

"बूट घाला," ती धापा टाकत म्हणाली.

"रामराम न्हाई, चहा न्हाई..."

"कालचे, खेळायचे. घाला. माझी चूक झाली. पाचशे माणसांच्या बढाया मारल्या आणि तुमचे पाय बघायला विसरले. कालचा एकही आकडा खरा नाही. मला माफ करा."

त्यानं एकदा आपल्या पायांकडं बघितलं. मग त्यानं बॅग खाली घेतली.

चटईपाशी येताच त्याची टाच आपोआप बुटातून निघू लागली.

"काढायचे नाहीत!"

"अंथरलंय म्हणून..."

"माहीत आहे. तरी काढायचे नाहीत."

तिनं गुडघ्यांवर बसून मनगटापासून जमिनीपर्यंत नव्यानं माप घेतलं. गेलेल्या बोटांच्या जागी मुठीवर पट्टीचे थर चढवले, एकेक करून, त्याची पकड भरेपर्यंत. पहिले चार चेंडू वाया गेले. पाचव्याचा आवाज वेगळा आला. दोघांनीही मान वर केली. चेंडू सरळ चालला होता, माजलगावच्या धरणाच्या दिशेनं, आणि खाली यायचं नाव घेत नव्हता.

"दोनशे अठरा," ती म्हणाली. "आधीसारखं नाही होणार. पण खेळायचं हाय तुमाला."

त्यानं पाठ फिरवली. खांदे हलत होते. ती पट्टीची गुंडाळी उगाच उलगडत, उगाच गुंडाळत बसली.

मग तो वळून म्हणाला, "आता एक खरं सांगा. काल रिक्षात डोळे भरले ते गिऱ्हाइकासाठी भरले का?"

"तुमच्या रानात आमच्या मेंढ्या बसतात, विजयसिंह. आमी न्हाई बसत."

"मी ते इचारलं न्हाई."

ती पेटी बंद करायला लागली. कडी लागेना. "ड्रायव्हर तीन आठवड्यांत तयार होईल. पोचवायला मी येणार नाही. आमच्या बिऱ्हाडावर येऊन न्यायचा. पत्ता बदलत असतो... विचारत यावं लागेल."

तीन आठवड्यांनी ती पुण्याहून ड्रायव्हर घेऊन आली. बिऱ्हाड तोवर दोनदा हललं होतं. पहिला दिवस गेला. दुसराही गेला. "येनार हाय का कोन?" सारजाबाईनं विचारलं, आणि लेकीचं तोंड बघून पुन्हा विचारलं नाही. मोठ्या घरची माणसं रस्ता विचारत फिरत नसतात, हे योगिताला ठाऊक होतं. तरी येणाऱ्या प्रत्येक धुरळ्याकडं ती बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक जीप बांधाला लागली. विजयसिंह उतरला. सहा गावं विचारून आल्याची धूळ अंगावर होती. त्याच्या मागून, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं जीपचं दार धरून, विमलबाई उतरत होत्या. आप्पाराव गडबडीनं उठून उभे राहिले.

विजयसिंह घोंगडीपर्यंत आला आणि काठावर थांबला. पायांत तेच बूट होते. त्यानं योगिताकडं बघितलं.

"आता काढू का?"

तिनं घोंगडीची कड सारखी केली. "काढा," ती म्हणाली. "हे घर आहे."

त्यानं बूट काढून तिच्या चपलांशेजारी ठेवले आणि तो घोंगडीवर बसला. सारजाबाईनं चहा पुढं केला. विजयसिंहनं डावा हात खिशातून काढला आणि कप घेतला.